दुधाचेच दात ते, पडणारच आहेत!

मंडळी, काही वाक्यं अशी असतात की बोलणाऱ्याला वाटतं आपण फार शहाणपणाचं बोललो, आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही सुचत नाही. "दुधाचेच दात ते, पडणारच आहेत!" हे त्यातलंच एक. आजी म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते, आणि चांगले शिकलेसवरलेले वडीलही पोराच्या काळ्या पडलेल्या दाताकडे बघत हेच म्हणतात. मी प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गांवर. या वाक्याइतकं लहान मुलांचं नुकसान करणारं दुसरं वाक्य माझ्या कानांवर आलेलं नाही. तुम्ही म्हणाल, बाई जरा जास्तच बोलतात. बोलू द्या, वय झालंय आता.

पहिलीच्या बाईंना मुलांची तोंडं फार जवळून बघायला मिळतात. मूल टेबलाशी येतं, पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचतं, आणि त्याचं तोंड आपल्यापासून वीतभर अंतरावर असतं. वरचे चार दात झिजून काळ्या खुंट्या झालेली मुलं मी पाहिली. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुली पाहिल्या. गाल सुजला म्हणून तीन दिवस घरी राहिलेली आणि चौथ्या दिवशी दाढेत लवंग धरून आलेली पोरं पाहिली. मोठ्या माणसाची दाढ दुखली की तो घर डोक्यावर घेतो. सहा वर्षांचं मूल मात्र बऱ्याचदा नुसतं गप्प होतं. बाईंना वाटतं, याचं अभ्यासात लक्ष नाही. घरच्यांना वाटतं, शाळेचा कंटाळा आलाय. आणि त्या बिचाऱ्याला आत काय ठणकतंय ते नीट सांगताही येत नाही.

बरं, हे दात "पडणारच" म्हणजे कधी? दुधाचे दात एकूण वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे आलेले असतात. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात. ते सगळ्यांना दिसतं, म्हणून आपली समजूत होते की सगळेच दात तेव्हा पडतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे थेट पाचवी-सहावीपर्यंत. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने पोराने पुढची सात-आठ वर्षं भाकरी चावायची, असा त्या शहाणपणाच्या वाक्याचा अर्थ झाला. शिवाय या दाढा खालून येणाऱ्या दातांसाठी जागा धरून बसलेल्या असतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. रुमाल लवकर उचलला गेला की शेजारचे सरकून बसतात आणि ज्याची जागा होती तो वाकडातिकडा कुठेतरी उभा राहतो.

पण माझा खरा राग आहे तो सहाव्या वर्षाच्या दाढेवरून. आपल्याकडे पडलेल्या दाताचं कौतुक फार. कुणी तो कौलांवर फेकतं, कुणी तुळशीत पुरतं, कुणी उंदराच्या बिळात टाकून त्याच्याकडे त्याचा दात मागतं. पुढचा दात पडला की वर्गात तो दिवस त्या मुलाचा! नेमक्या त्याच दिवसांत तोंडात अगदी मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे, चार कायमच्या दाढा उगवत असतात. तिथे आधी काही नव्हतंच, त्यामुळे काही पडत नाही, रक्त येत नाही, कुणी गूळ-खोबरं वाटत नाही. घरात कुणाला दिसलीच, तर तीही दुधाचीच वाटते. या दाढेच्या माथ्यावर खोल घळी असतात, त्यात बिस्किटाचा लगदा जाऊन बसतो. आणि पूर्ण वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, त्यामुळे घाईघाईने फिरवलेला ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. साठ-सत्तर वर्षं चालायची वस्तू, आणि तिची किंमत आपण पडणाऱ्या दातांच्या भावाने करतो.

तिसरीतली एक मुलगी आठवते. शाळेत शिजवलेली खिचडी नुकती सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. खाताना ती मान एका बाजूला कलती करायची आणि मटकीचे दाणे निवडून ताटाच्या कडेला ठेवायची. मी विचारलं, "आवडत नाही का गं?" तर म्हणाली, "चावत न्हाई बाई." तोंड उघडायला लावलं. खालच्या दाढेत डाळीचा दाणा मावेल एवढं भगदाड! आईला निरोप धाडला. ती बिचारी रोज बुडवून आली आणि आम्ही दोघी पोरीला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि काढावी लागेल म्हणाले. आई लगेच म्हणाली, "काढा की सायेब. दुधाचीच हाय, दुसरी यील." डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, "मावशी, दुधाची नाही ही. कायमची आहे. इथं आता दुसरी येत नाही."

येताना एसटीत ती माउली खिडकीबाहेर बघत बसली होती. मीही काही बोलले नाही.

आता कुणी म्हणेल, शाळेत शिकवत नाहीत का हे? शिकवतात की! दातांचे प्रकार किती? पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा. दात दिवसातून किती वेळा घासावेत? दोन वेळा. वर्गाच्या भिंतीवर 'चांगल्या सवयी'चा तक्ताही असतो, त्यात एक गोबऱ्या गालांचा मुलगा ब्रश घेऊन हसत असतो. परीक्षेत हा प्रश्न आला की सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर. उत्तराला पूर्ण गुण, आणि रात्री घासलेत किती जणांनी विचारलं तर चाळीसात चार हात वर! सवय ही काही प्रश्नोत्तरांत बसणारी गोष्ट नाही. ती सांगून लागत नाही, हात धरून लावावी लागते.

आणि इथेच आपलं चुकतं असं माझं मत आहे. "ब्रश केलास का रे?" हा प्रश्न आपण पाच वर्षांच्या मुलाला विचारतो, तो "हो" म्हणतो, आणि आपण आपलं कर्तव्य झालं असं समजतो. अहो, पाच वर्षांच्या मुलाची बोटं मी पाटीवर पाहिलेली आहेत. 'ळ' काढताना त्याची जीभ बाहेर येते! शर्टाचं वरचं बटण त्याला लागत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही. त्याच बोटांत ब्रश देऊन आपण म्हणतो की वीस दातांच्या आतल्या, बाहेरच्या आणि वरच्या बाजू साफ कर, आणि तेही शाळेची रिक्षा दारात उभी असताना. त्याला ते जमणं शक्य नाही. मूल साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दात मोठ्या माणसानेच घासून द्यायचे असतात, आणि त्यापुढेही काही काळ शेजारी उभं राहावं लागतं. आधी त्याला त्याचं त्याचं घासू द्यावं, नाहीतर रुसवा. मग ब्रश आपण घ्यावा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जपानमध्ये राहून आली. तिने सांगितलं की तिथे याला शब्दच आहे, 'शिआगे मिगाकी'. मुलाने घासून झालं की आई किंवा वडील त्याचं डोकं मांडीवर घेतात आणि शेवटचा हात फिरवून देतात, ते शिआगे मिगाकी. मला हे फार आवडलं. आपल्याकडे न्हाऊ घालणं आहे, भरवणं आहे, वेणी घालून देणं आहे, काजळ घालणं आहे. दात घासून देण्यासाठी मात्र आपल्याकडे असा एक शब्द काही मला सापडला नाही.

पद्धत काही अवघड नाही. पलंगावर किंवा सतरंजीवर बसावं, मुलाचं डोकं आपल्या मांडीवर घ्यावं, म्हणजे वरून दिव्याचा उजेड तोंडात नीट पडतो. मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तो टेकवून हलके हलके, गोल गोल फिरवायचा. जोर लावायचा नाही, ती काही पितळेची कळशी नव्हे! वेळ दोन मिनिटं. घड्याळ बघायला नको, बेपासून दहापर्यंतचे पाढे सावकाश म्हटले की दोन मिनिटं होतात. मूल तोंड उघडून पडलेलं असतं, त्यामुळे ते मध्ये बोलू शकत नाही आणि पाढे मुकाट्याने कानांवर पडतात, हा माझ्यासारख्या मास्तरणीचा वरचा फायदा. हल्ली मोबाइलवर गाणी लावून ब्रश करून घेतात. त्यालाही माझी ना नाही, फक्त ब्रश मोठ्याच्या हातात असू द्या.

महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून बघावं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. ती तपकिरी व्हायची वाट बघू नये. डॉक्टरांकडे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारालाच एकदा दाखवून आणावं. आपल्याकडे काय करतात? "घासले नाहीस तर डॉक्टरकडे नेईन, पक्कडीने उपटतील!" अशी भीती घालतात, आणि मग खरंच न्यायची वेळ येते तेव्हा ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच लोळण घेतं. डॉक्टरांना बुवा कशाला करायचं?

आता वेळेचं. आपल्या देशात दात घासणं हा सकाळचा विधी आहे. दात घासल्याशिवाय चहा नाही, हे आमच्या लहानपणी घराघरांत कडक होतं. चांगलंच आहे ते. पण दातांच्या दृष्टीने खरी महत्त्वाची वेळ रात्रीची. झोपेत लाळ कमी सुटते, आणि तोंड धुण्याचं काम एरवी लाळच करत असते. अशा वेळी दातांना दुधाची साखर नाहीतर बिस्किटाचा लेप असला की जंतूंची रात्रभर पंगत! त्या साखरेचं ते आम्ल करतात आणि आम्लाने दाताचं कवच विरघळतं. दुधाच्या दातांचं कवच पातळ, त्यामुळे ते लवकर पोखरलं जातं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून निजणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी जातात, ते यामुळेच. तेव्हा दूध आधी, ब्रश नंतर, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. इथे आम्हा आजी-आजोबांनाही एक चिमटा काढते. सून-मुलगा कामाला गेले की नातवंडं आपल्याकडे. रडलं की बिस्किट, उठलं की बिस्किट, चहात बुडवून बिस्किट. गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे दातांना जास्त बाधतं. एकदाच जेवणाबरोबर लाडू द्या, पण दिवसभर चघळणं नको.

पेस्टच्या जाहिरातींत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पेस्ट दाखवतात. ते विसरा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पेस्ट फ्लोराइडची असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, म्हणजे हे काही कंपन्यांचं खूळ नव्हे. मात्र स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट पोरं चाटून खातात, म्हणून ट्यूब आपल्याच हातात ठेवावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. तिथल्या पालकांनी पेस्ट कोणती ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहतं. हे आपल्या लोकांच्या गळी उतरणं कठीण! चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही ना आपल्याला.

एवढं बोलले की एखादे आजोबा हमखास म्हणतात, "आम्ही राखुंडीने दात घासले, कडुलिंबाच्या काडीने घासले, आमचं काय बिघडलं?" राखुंडी मीही वापरली आहे. गोवरीची राख, त्यात मीठ, आणि तर्जनी. पुढे माकडछाप काळी पावडर आली, तिचं आम्हाला कोण कौतुक. पण खरं सांगू का? त्या काळात मुलांच्या तोंडात दिवसभर गोड नव्हतं. साखर सणासुदीची, गोळ्या-बिस्किटं जत्रेतली. दात टिकले असतील तर त्यात मोठा वाटा याचा. आणि सगळ्यांचे टिकले असंही नाही हो! माझ्या आजीला पन्नाशीतच बोळकं झालं होतं. तिच्या पानासाठी एक इवलासा खलबत्ता होता, कुटून दिल्याशिवाय तिला पान खाता येत नसे. घरोघरी असे खलबत्ते होते. ते कशासाठी होते, हे आता कुणाला आठवत नाही, इतकंच.

राखुंडी निदान निरुपद्रवी म्हणू, तीही पूर्णपणे नाही, कारण दात घासले जाऊन झिजतात. पण मिश्रीचं काय? तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. सातवीतल्या मुलींची तर्जनी काळी दिसली की आम्हा शिक्षिकांना कळायचं. यातल्या बहुतेकींची सुरुवात दाढदुखीने झालेली असायची. दाढ ठणकते म्हणून आई किंवा आजी मायेने म्हणते, "लाव थोडी, बरं वाटंल." वाटतंही बरं घटकाभर. आणि मग सकाळी मिश्री लावल्याशिवाय डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, काम सुचत नाही. म्हणजे लहानपणी न घासलेल्या दातापासून मोठेपणीच्या तंबाखूपर्यंत सरळ वाट! केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या चुलीवर भाजलेल्या मिश्रीवर कोण बंदी घालणार? ओसरीवर बसून आजी ज्या बोटाने दात घासते, नात त्याच बोटाकडे बघत असते.

जगभर पाहिलं तर हे दुखणं एकट्या आपलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा अंदाज ५१ कोटी ४० लाख असा दिलाय. स्कॉटलंडमध्ये 'चाइल्डस्माइल' नावाचा कार्यक्रम आहे, त्यात बालवाडीतली मुलं शिक्षिकांच्या देखरेखीखाली रोज तिथेच दात घासतात. आपल्याकडे २०२३ मध्ये राज्याच्या स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरांना नेमलं. उत्तम झालं, त्यांचं मुलं ऐकतील. पण तेंडुलकर काही रोज रात्री प्रत्येकाच्या घरी ब्रश धरायला येणार नाहीत. हात धुण्याचं बघा, १५ ऑक्टोबरला शाळाशाळांतून हात धुवा दिन होतो, नळ बसले, खिचडीआधी रांगेने हात धुणं सुरू झालं. ते जमलं, मग हे का जमू नये? ज्या घरात आई पहाटे शेतावर जाते आणि रात्री दमून भाकऱ्या थापते, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की रोज दोन मिनिटं मांडीवर घेऊन दात घास? तिच्या मुलासाठी अंगणवाडीच हवी.

आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंशी मी परवा बोलले. आहारानंतर पाच मिनिटं. प्रत्येकाचा वेगळा ब्रश, एकमेकांना न लागता उभे राहतील असा भोकं पाडलेला खोका, पेस्ट ताईंच्या हाताने. मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून ब्रशवर चित्रं चिकटवायची, कुणाचा हत्ती, कुणाची कैरी, कुणाचं पाखरू. ताई आधी म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे रजिस्टरं काय कमी आहेत?" ते खरंच आहे, त्यांच्यावर कामाचा डोंगर आहे. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, बावीस ब्रश लागतील, आणि दर तीन महिन्यांनी नवे. आम्हा निवृत्तांच्या भिशीतल्या तिघीजणींनी ते आणायचं कबूल केलंय, आणि आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः जाऊन बसणार आहे. चित्रं कापायचं काम सध्या माझ्याकडे आहे. बावीसपैकी नऊ झालीत. हत्ती तिघांना हवाय, त्यामुळे तेवढा तंटा सोडवायचा राहिलाय.